उलट घंटा

चौतीस वर्षं मी सिग्नलच्या केबिनमध्ये काढली,
ब्लीबरोच्या माळावर, कोळशाच्या शेगडीशेजारी.
तिथला पहिला धडा: घंटा वाजली की उलट घंटा द्यायची.
पलीकडच्या केबिनमधून एक टोला आला
की इकडून एक टोला.
म्हणजे: ऐकलं. आहे मी. बोल.
तोंडात घास असो, बाहेर बर्फ असो,
बाप गेल्याची तार खिशात असो,
टोल्याला टोला.
आणि प्रत्येक टोल्याची वेळ वहीत, शाईने.
खाडाखोड चालायची नाही.

डोरीनच्या उशीशी बटण होतं, पांढऱ्या वायरला लोंबणारं.
दाबलं की दारावर नारिंगी दिवा
आणि लांब कुठेतरी टिंग, टिंग.
मला वाटलं, चला, ही भाषा आपल्याला येते.

दुपारी दोन चाळीस. तिला लघवीला जायचं होतं.
तीन दहा. दिवा चालूच.
तीन पंचवीसला एकजण आली, दिवा विझवला,
"आलेच हं" म्हणाली, आणि गेली.
तीन पन्नासला डोरीन खिडकीकडे बघत म्हणाली,
"राहू दे आता."
एक्कावन्न वर्षांच्या संसारात
ती माझ्यासमोर लाजलेली मी तेव्हाच पाहिली.

चादर बदलली सव्वापाचला.
बदलणाऱ्या दोघी स्पेनमधल्या हॉटेलाबद्दल बोलत होत्या,
डोरीनच्या अंगावरून,
कुंपणावरून शेजारणी बोलतात तशा.

पाण्याचा जग खिडकीत, तिचा हात पलंगावर,
मध्ये चार फूट.
जेवणाचा ट्रे झाकणासकट यायचा, झाकणासकट जायचा.
पायथ्याशी लटकलेल्या तक्त्यावर लिहिलेलं:
"जेवण नको म्हणाल्या. आरामात आहेत."
वाचून माझे कान तापले.
न आलेली गाडी आली असं लिहिणाऱ्याला
आमच्याकडे घरी पाठवायचे.

सगळ्याच तशा नव्हत्या, हेही लिहून ठेवतो.
वही म्हणजे वही.
बर्निस नावाची एक होती, रात्रपाळीची.
अठ्ठावीस खाटा, दोघीजणी.
तरी तिने डोरीनचे ओठ ओल्या बोळ्याने पुसले,
नाव घेऊन विचारलं, "डोरीन, पाय गार पडलेत का?"
मग चार रात्री ती दिसली नाही.
पाचव्या रात्री कळलं, नोकरी सोडली.

एकदा मी त्यांच्या टेबलापाशी गेलो, टोपी हातात घेऊन.
म्हटलं, घंटा वाजतेय.
स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली,
"वाजतच असते हो."

सहा टोले म्हणजे संकट.
रुळावर काहीतरी आहे, सगळं थांबवा.
शेवटल्या रात्री डोरीनने किती वेळा दाबलं
मी मोजलं नाही.
सहाच्या वर.

पहाटे चार बारा.

गाडी आपली हद्द ओलांडून सुखरूप गेली
की मागल्या केबिनला कळवायचं असतं:
दोन टोले, जरा थांबायचं, मग एक.
पलंगाच्या कठड्यावर मी बोटाने वाजवले.
दोन.
एक.
सुखरूप म्हणायला जीभ रेटेना,
पण दुसरा इशारा मला येत नव्हता.

तेवढ्यात पडद्यापलीकडे मिसेस ओकशॉटचं बटण.
टिंग, टिंग.
दुसऱ्याच्या खाटेपाशी जायचं नाही, अशी पाटी होती भिंतीवर.
मी पडदा सारला.
तिला फक्त किती वाजले ते हवं होतं.
चार सतरा, मी सांगितलं,
आणि पाण्याचा जग
तिच्या हाताशी सरकवला.