ओलावा

गदिगेप्पा म्हणाला, टनाला साडेपाचशे.
मी म्हणालो, साडेसातशे,
आणि टायरांवर पाणी मारत राहिलो.
टायर थंडच होते तसे.

यरगट्टीच्या यार्डात मक्याचे ढीग,
ताडपत्रीखाली घामेजलेले.
माल जायचा हातकणंगल्याच्या अलीकडं,
कोंबडीखाद्याच्या कारखान्यात.
मागं तमिळनाडूच्या दोन गाड्या,
परतीचा माल म्हणून पाचशेतही भरायला तयार.
त्यांना काय बोलणार?
मीही भरलंय तसं.
एकदा तर रायबागहून साखर, चारशेनं,
आणि घरी भाव सांगितला नाही,
पिऊन आलेला माणूस तोंड धुऊन आत येतो
तसा आत गेलो.

पण यंदा वही केलीय.
लेकीची गणिताची, मागची कोरी पानं.
पुढून तिचे लसावि-मसावि,
मागून माझं :
डिझेल ऐंशी लिटर, निपाणीत भरायचं, कागलात नाही.
कोगनोळीचा टोल. लगमाची रोजी.
बारा टायरांची झीज, किलोमीटरला इतकी.
ही शेवटची ओळ
वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा लिहिली.
टायर रोज थोडा थोडा जातो
आणि आपण त्याला कमाई म्हणत असतो.

तमिळ गाड्या भरून गेल्या.
लगमा त्यांचे मागचे लाल दिवे
गोकाक रोडला वळेपर्यंत बघत उभा.
बोलला काही नाही. भांडी मात्र जोरात घासली.

दुसरा दिवस : भाकरी, शेंगाचटणी, झोप येईना.
दस्तगीरचे हमाल पोतं टेकवून
माझ्याकडं बघत, हा कुठला शाणा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आले,
बिनमोसमाचे, पाहुण्यासारखे.
गदिगेप्पानं ढिगाकडं बघितलं,
आभाळाकडं,
मग माझ्या नव्या ताडपत्रीकडं.
सातशे, म्हणाला.
मी म्हणालो, आगूदिल्ल.
त्याचाच शब्द, त्याच्याच चालीत.
हसला. सुपारीचे दात दिसले.

सातशे चाळीसला तुटलं.
वर एक अट, कागदावर :
वाटेत ओलावा उडाला तर ती घट गाडीवाल्याची नाही.
कारण मागच्या सालची नव्वद किलो
अजून माझ्या नावावर आहेत.
कुठं गेली, विचारलं होतं काट्यावरच्या पोरानं.
मी खाल्ली का? लगमानं उकडली का?
उन्हानं नेली बाबा,
हुक्केरीला थोडी, संकेश्वरला थोडी,
निपाणीत माझ्या दारावरून जाताना थोडी.
ज्याचं पाणी वाऱ्यावर गेलं
त्याच्या भाड्यातून कापायचं,
असा कुठला काटा?

यंदा सत्तर किलो कमी भरलं.
सुपरवायझरनं पेन काढलं.
मी कागद काढला.
कागद कन्नडात, त्याला वाचता येईना.
मी वाचून दाखवला.
तर म्हणतो, तूच वाचणार, तूच सांगणार,
मी कशावर विश्वास ठेवू?
बरोबरच होतं त्याचं. मी गदिगेप्पाला फोन लावला,
स्पीकरवर.
तिकडून तो घडाघडा कन्नडात, दोन मिनिटं,
आणि मधेच एक शब्द मराठीत,
यार्डात माझ्या तोंडून उचललेला :
ओलावा.
सुपरवायझरला तेवढाच कळला.
तेवढा पुरला.

पंचवीस टन, अठरा हजार पाचशे.
टायरांचे पैसे मोजून
आतल्या खिशात ठेवले, वेगळे.
असं कधी केलं नव्हतं,
गाडी चालवताना छातीशी टोचत होते.

परतीला काहीच मिळालं नाही.
रिकामी गाडी खडखडत कोगनोळीला आली.
चहाला थांबलो. लगमा म्हणाला,
आमलेट घेऊ काय?
घे, म्हणालो. दोन घे.
माझा हात आतल्या खिशाकडं गेला होता,
तो परत बाहेर काढला
आणि वरच्या खिशातून पैसे दिले.