सापडत नाही

ओरोसला बाईंनी कागद वाचला:
व्हायरस सापडत नाही. याही वेळी नाही.
रघुवीर गप्प.
सापडत नाही म्हणजे त्याच्या जन्मात
डिझेल वाया, बर्फ वाया,
तांडेलाच्या शिव्या.
बाई हसल्या तेव्हा कुठे उमगलं,
रिकाम्या जाळ्यालाही नारळ वाढवावा.

गोळी मात्र चुकवायची नाही, रात्री नऊ.
मग कॅलेंडरवर माझे चार दिवस
त्यांनी पेनाने वेढले.
तेवढेच दिवस निरोध नको.

एसटीत तो बोटं मोजत बसला.
"दशमी ते तेरस. पाणी चढतं असणार."
हळू बोल रे,
पुढे मोंडकरांची वहिनी बसलीय.

जामसंड्याच्या वळणावर
पिशवीतली गोळ्यांची बाटली खुळखुळली.
एरवी तो मुठीत दाबून धरतो.
आज वाजू दिली.