तारण

साहेब वाईट नव्हता.
पाणी मागवलं, पंखा माझ्याकडे वळवला,
मग विचारलं, तारण काय देणार, ताई?

घर आहे, म्हटलं.
घराचा सातबारा?
तो आमच्या वाडीत कुणाच्याच घराला नाही.
आजेसासऱ्यांनी वाळूत चार मेढी पुरल्या,
भरती येत नाही तिथपासून आपलं,
असं ठरलं होतं तेव्हा.
भरतीची सही कुठून आणू?

फाईलमध्ये बांबूंचा दर, सोळा निळी पिंपं, काथ्याचा दोर,
आणि शिनाण्यांचं बी. हे त्याने दोनदा वाचलं.
संगणकाच्या यादीत म्हैस होती, शेळी होती, काजू होता.
शिनाणा नव्हता.
तिसऱ्या खेपेला त्याने फाईल दोन्ही हातांनी परत दिली.
ते जास्त लागलं.

तरीवर बसले तेव्हा ओहोटी लागलेली.
बाबल्या तारी माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाला,
"कितके व्हये?"
पंचेचाळीस हजार.
त्याने दोनदा वल्हं मारलं.
"जुव्यार बुधवारी दिवेलागणीक बसतत बायो.
बोलान तर बघ."

सतरा वर्षं जुव्याच्या कडेकडेने जाते.
तिथे उतरायचं कधी सुचलं नव्हतं.

सुंगटं निवडायच्या शेडमध्ये बावीस जणी,
मधे बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डबा एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे,
तिघींचं आपसात फारसं पटत नाही.
मुद्दाम तसं.

इंतरूबाय म्हणाली, "कागद ठेव बाजूक.
घो काय करता?"
गोव्यात ट्रॉलरवर.
"मगे तेच्या पैशार हप्तो धरू नको.
उसनी सुपली हाडलंस तर परत कधी करतंस?"
त्याच दिवशी.
"खोटा."
दुसऱ्या दिवशी.
"हां.
आता सांग, हयसर तुझा कोणाशी वाकडा आसा?"

मी गप्प.
मागून शेवंती मेथरचा हात वर आला.
"माझ्याशी."

दोन वर्षांमागे, कालवांच्या एका खडपावरून.
ती मला चोर म्हणाली,
मी तिची कोयती खाडीत भिरकावली.
सगळ्यांना ठाऊक होतं.
मी अंधारात चपला शोधायला लागले.

"मी रवतंय जामीन," शेवंती म्हणाली.
"भांडता ती पळाची नाय."

नोटा मोजून दिल्या. दहाची एक जुडी रबराने बांधलेली,
कोलंबीच्या वासाची.
शेकडा दीड, महिन्याला. बँकेपेक्षा जास्तच.
पण ते व्याज डब्यातच निजतं,
आणि शिमग्याला उठून बाविसांच्या घरी जातं.
आता तेविसांच्या.

मग दिवाळीच्या तोंडावर घाटावरून पाणी आलं,
खाडी चार दिवस गोडी झाली,
निम्मे शिनाणे दोरावरच तोंड उघडून मेले.
त्या बुधवारी मी गेले नाही.
दिवा मालवून बसले,
माणसं घरात नसल्यासारखी.

होडी लागल्याचा आवाज आला. पाच जणी.
वाटलं, समजूत घालायला आल्या.
इंतरूबायने वही उघडली,
उशिराचा दंड वीस रुपये लिहिला,
मग चहा मागितला.
शेवंतीने कमरेच्या पिशवीतून माझा हप्ता काढून ठेवला.
"ह्ये उसने. खडपाचो हिशोब येगळो."
चहा तिने घेतला नाही.

तराफा अजून तरंगतो.
साहेबाची बदली झाली म्हणतात, लातूरकडे कुठेतरी,
तिथे म्हशी असतील.

ओहोटीला त्या खडपाशी आम्ही भेटतो दोघी.
ती डावीकडून फोडत येते, मी उजवीकडून,
एक शब्द नाही.
मधलं कालव कुणी घ्यायचं
ते अजून ठरायचं आहे.