साडेबारा सेंटिमीटर

सिव्हिल लाइन्सच्या त्या हॉलमध्ये दोन कूलर होते,
एक साहेबांचा, एक नकाशांचा.
आम्ही आरेखक मधल्या दमटात बसायचो,
मनगटाखाली टीपकागद,
घाम ट्रेसिंगवर पडू नये म्हणून.

शहराचा कचरा मी पहिल्यांदा पाहिला तो असा:
पॉइंट तीनच्या पेनाने, पंचेचाळीस अंशांत,
जवळजवळ ओढलेल्या रेघा.
वास नाही, घारी नाहीत.
अख्ख्या शीटवर तोच तुकडा सगळ्यात नीटस,
साहेब म्हणाले, हात चांगला आहे तुझा.

जागा पूर्वेलाच का, मी विचारलं नव्हतं.
तरी सांगण्यात आलं, वारं पश्चिमेचं आहे,
धूर शहराबाहेर जाईल.
बाहेर कुठे, त्याची शीट वेगळी होती.
ती आमच्या टेबलावर आली नाही.

भोवती पाचशे मीटर मोकळे ठेवायचं घाटत होतं.
एकास चार हजारच्या मापात
साडेबारा सेंटिमीटर.
ठराव यायचा होता, म्हणून ती रेघ मी पेन्सिलने ओढली,
हलकी, पुसता येईल अशी.
ठराव पुढच्या सभेत गेला,
सभा तहकूब झाली,
फाइल लाल फडक्यात, फडकं कपाटात,
कपाट दुसऱ्या मजल्यावर,
आणि शीट छापायला गेली.

फिकट पेन्सिल अमोनियात उमटत नाही.
हे मला ठाऊक होतं.
तेव्हाही ठाऊक होतं.

हरकती-सूचनांच्या दिवशी हॉल भरला,
बहुतेक रस्तारुंदीवाले.
शेवटी कौतिका नंदनवार उभी राहिली,
बोटांच्या पेरांत सुताचा निळा रंग.
"साहेब, या नकाशात वारं कुठी हाय?"
कोणीतरी तिला कोपऱ्यातला बाण दाखवला.
"हा त उत्तर दाखवते.
मी वाऱ्याचं पुसून राह्यली."
इतिवृत्तात एक ओळ आहे:
हरकतदाराचे म्हणणे ऐकून घेतले.

मग प्लॉट पडले. हजार फुटांचे, हप्त्यांवर.
साडेबारा सेंटिमीटरांच्या आत शाळा आली,
आटाचक्की, समाजभवन,
एक बोअर, ज्याचं पाणी चहाच्या रंगाचं निघालं.
मे महिन्यात ढीग आतून पेटतो.
सेहेचाळीस डिग्रीत तिथले लोक कूलर बंद करून बसतात,
कारण कूलर धूरच ओढतो आत,
थंड करून देतो.

आयुक्त बदलले, प्रकल्प बदलले,
आधी खत, मग वीज, मग गॅस.
भूमिपूजनाचे तीन दगड ओळीने उभे आहेत,
वर्गीकरण म्हणावं तर तेवढंच झालं.

पोळ्याच्या पाडव्याला मीही गर्दीत ओरडतो,
रोगराई घेऊन जा गे मारबत.
ती नेते कुठे, लहानपणी आईला विचारलं होतं.
शिवेबाहेर, आई म्हणाली.
शीव सरकली, आई.
शिवेबाहेर आता नळ आहेत, मतदारयादी आहे,
कौतिकाबाईची सून तिथेच नांदते,
पोराला पंप लावते रात्री, छातीसाठी.

परवा नव्या आराखड्यासाठी ऑफिसनं बोलावलं,
जुनं माणूस, जुनं ठाऊक असेल म्हणून.
शीट नाही आता. स्क्रीन.
तेजल गजभिये नावाची मुलगी, चुणचुणीत,
माझ्या पुतणीच्या वयाची.
"काका, जुनी जागा भरली. नवी कुठे दाखवू?"

माझं बोट उठलं
आणि मला न विचारता उजवीकडे गेलं.
तिनं तिथे क्लिक केलं.
आपोआप रेघा भरल्या, पंचेचाळीस अंशांत,
माझ्यापेक्षा नीटस.

थांब, मी म्हटलं, आधी भोवतीची रेघ ओढ.
पक्की.

तिनं मान वर केली.
"ठराव आलाय का, काका?"