फाटकावरची वही

पहाटे पावणेपाचला होडी लागते काल्बुकोच्या धक्क्याला
आणि पुलुकी बेटावरची माणसं उतरतात
सॅमन सोलायला.
मी फाटकाशी. हातात कपाळावर धरायचं पिस्तूल,
गळ्यात प्लास्टिकमध्ये मढवलेल्या चौदा सूचना.
मला निवडलं कारण माझा आवाज मोठा
आणि अक्षर वाचता येण्यासारखं.

पहिल्या आठवड्यात पिस्तूल म्हणालं
एकतीस. तेहतीस पॉइंट दोन. पुन्हा एकतीस.
खाडीचा वारा कपाळं चाटून गेलेला.
यंत्राच्या हिशेबानं आम्ही सगळे
रात्रीच मेलो होतो
आणि तरीही पाळीला वेळेवर हजर.
नोल्फा हसली, मास्कच्या आत;
डोळ्यांच्या कडांवरून कळलं.

सूचना तीन : दोन माणसांत दोन मीटर.
एका वल्ह्याएवढं, मी ओरडून सांगितलं,
ते सगळ्यांना समजलं.
पट्ट्याला वल्हं माहीत नव्हतं.
मिनिटाला बावीस मासे येत राहिले
आणि दोन्ही कडांना आम्ही
कोपराला कोपर लावून.
साहेब काचेआडून बघत होते.

सूचना सात : वारंवार हात धुवावेत.
दहा तास बर्फाच्या पाण्यात असलेले हात
आम्ही एकमेकींना दाखवले
आणि पुन्हा पाण्यात घातले.

सूचना नऊ वाचताना मात्र माझा मोठा आवाज बसला.
माते वाटून पिऊ नये.
एक भोपळा, एक धातूची नळी, कढत कडू पाणी,
या तोंडातून त्या तोंडात.
भांडण मिटलं हे आमच्याकडे असंच कळतं.
मयताच्या घरी बोलायला काही नसतं
तेव्हा हेच फिरतं रात्रभर.
दुसऱ्या दिवशी जेवणघरात छत्तीस माणसं, छत्तीस भोपळे.
कुणी कुणाला "घे" म्हणेना.
इतकी शांतता मी शीतगृहातही ऐकली नव्हती.

सूचना बारा : बरं नसल्यास घरीच राहावं.
पगाराचं काय, ते मी कागद उलटून
मागच्या बाजूलाही शोधलं.

जूनमधला मंगळवार, खाडीवर बर्फाळ धुकं.
रोसामेल बार्रिया. अडतीस पॉइंट एक.
"धावत आलो," म्हणाला.
होडीतून कोण धावत येतं?
"जरा वाऱ्यात उभा राहतो, मग बघ परत."
धक्क्याच्या टोकाशी गेला, लोकरी टोपी काढली,
समुद्राला कपाळ देऊन उभा राहिला.
मागे रांग. बूट आपटण्याचा तेवढा आवाज.
परत आला : छत्तीस पॉइंट चार.
वाऱ्यानं सही केली होती,
मी फक्त आकडा लिहिला.

नाही. खरं सांगते.
पेन टेकवलं आणि त्याच्यामागे नोल्फा दिसली,
जी आईच्या खाटेला खाट लावून झोपते.
मी पहिला आकडा लिहिला.
रोसामेलनं वही उलटीकडून वाचली.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

होडी संध्याकाळीच परत जाणार.
दिवसभर तो जाळ्यांच्या ढिगाआड बसून राहिला,
आणि दहाच्या सुट्टीत मी त्याचाच भोपळा भरून
त्याच्यापुढे दगडावर ठेवला,
एक वल्हंभर मागे सरले.
तो प्यायला. शेवटपर्यंत, नळी घुरघुरेपर्यंत.
मग थर्मासमधून पुन्हा भरला,
नळी बाहीला पुसली
आणि सवयीनं हात लांबवला माझ्याकडे.

छातीवर सूचना फडफडत होत्या.
मी हात पाठीमागे धरले
आणि म्हणाले, ग्रासियास.

आमच्यात भोपळा परत करताना आभार मानले
की समजायचं, पोट भरलं, आता पुरे.

एक घोटही न घेता
मी आभार मानले.