किल्ली माझ्याकडे

लीलाधरभाऊ नि सुलोचनावहिनी
शनिवारी बोटीवर चढले.
फैजपूरच्या घराची किल्ली माझ्याकडे.
सकाळी कुंड्या, संध्याकाळी दिवा.

पहिल्या दिवशी काहीच नाही. एकच टिक.
दुसऱ्या दिवशी फोटो:
केशरी जाकिटं घालून दोघं ओळीत,
वहिनींचा पदर पट्ट्यात अडकलेला,
चेहरा लग्नातल्या फोटोसारखा.
मागून भाऊंचा आवाज,
"बुडायची तालीम झाली. आता जेवाले चाललो."

अकरा मजले म्हणे. तीनदा खोली चुकली,
शेवटी वहिनींनी दाराच्या मुठीला
परकराची लाल नाडी बांधली.

मी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे हतनूर.
तिथंही पलीकडची बाभूळ दिसते.
"अठी काठच नाही वं," वहिनी म्हणाल्या,
आणि पुढं मिनिटभर नुसता वारा.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला केळी.
चाळीस वर्षं सावद्याहून ट्रक भरणारे भाऊ
एक केळं अंगठ्यानं दाबून विचारतात, कुठलं?
वाढणारा पोरगा एका बेटाचं नाव सांगतो.
बापाचा बाग होता त्याच्या,
वादळात आडवा झालेला.
भाऊंनी दोन्ही हातांनी दाखवलं त्याला,
आमचा कसा आडवा होतो, जूनमध्ये.
चहा गार झाला दोघांचा.

त्यांची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ.
त्रेचाळीस डिग्री, भिंती अजून तापलेल्या.
दिवा लावते, कुंड्यांना पुन्हा पाणी घालते,
कुलूप दोनदा ओढून बघते,
मग पायरीवर जरा टेकते.

पायरी हलत नाही.