मूठ

कुपवाडच्या भंगारातला कमानपट्टा
तीन आठवडे घासून सुरी केली.
पातं जमलं, मूठ जमेना.
सागवानी केली ती चिरली,
शिंगाची केली ती हातात फिरायची.
माझ्या उजव्या हाताला करंगळी नाही, अनामिका अर्धीच.
बाजारातली प्रत्येक मूठ पाच बोटं धरून चालते.

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागल्या बोळात
इरप्पा व्हटकर पायतानं शिवतात.
त्यांनी वहीचा कागद फरशीवर अंथरला.
ठेवा हात, म्हणाले.
पावलाचं माप घेतात तशी
कानावरची पेन्सिल कडेकडेनं फिरवली.
अर्ध्या बोटाशी आली,
थबकली नाही, वळून पुढं गेली.
प्रेसमध्ये गेली बोटं, मीच सांगितलं.
हं, म्हणाले, आणि चामडं शोधायला उठले.

मोडीत निघालेल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा निघाला,
तेल पिऊन काळा,
शिवणीत अजून जोंधळ्याचं पीठ.
त्याचे बत्तीस चौकोन.
प्रत्येकाच्या मधोमध चीर,
पात्याच्या शेपटापेक्षा सुतभर आखूड.
सहज बसलं की सहज निघतं.
कुरकुरलं पाहिजे चामडं.

भिजवून एकेक ठोकत गेलो शेपटावर,
शेवटी पितळी टोपी, वर नट.
आवळला तसं काळं पाणी कोपरापर्यंत आलं.
सकाळी बघतो तर सैल.
पुन्हा आवळला. पुन्हा सैल.
चौथ्या दिवशी फोन केला.
वाळतंय अजून, इरप्पा म्हणाले,
घाई होती तर प्लॅस्टिकची घ्यायची.

नवव्या दिवशी कानस.
करंगळीच्या जागेचं चामडं
मी उतरवायला निघालो होतो,
त्यांनी मनगट धरलं.
राहू दे ते.
तिथं मोकळं सोडलं तर सुरी तिकडंच पळणार.
आणि तेवढ्या जागी
चिंचोक्याएवढा फुगवटा राखला.

मेण चोळलं. फडकं मारलं.
बत्तीस काठ दिसेनासे झाले,
उजेडात तिरकं धरलं तरच दिसायचे.
समोर एक जुना तळ टाकला त्यांनी : काप.
कापला.
सरळ गेली.
दुसऱ्यांदा कापला, उगाचच.

पैसे विचारले तर कानामागं पेन्सिल खोचत म्हणाले,
पावसाळा जाऊ दे.
दिवाळीला पुन्हा हलेल ती.
तेव्हा या,
अर्धा फेरा अजून बाकी आहे.